जंगल परत येतं ते रोपांनी की राखणीने?

राखणदार :

झाडं लावल्याचे आकडे हल्ली वाचवत नाहीत. एका दिवसात इतकी लाख, एका पावसाळ्यात तितकी कोटी. तीन उन्हाळे गेल्यावर त्यातली जगली किती, हे सांगायला कुणी फिरकत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं : उजाड झालेलं जंगल परत हवं असेल तर आधी त्यावर जगणाऱ्या लोकांच्या हाती हक्क द्या, रोपांचं नंतर बघू. बऱ्याच ठिकाणी रोपांची गरजच पडत नाही.

नायजर हा सहाराच्या कडेचा देश. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथल्या मराडी भागात रोपं लावत होते आणि लावलेली बहुतेक मरत होती. १९८३ च्या सुमाराची गोष्ट. एकदा वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते खाली उतरले. शेजारचं झुडूप जवळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की हे झुडूप नाहीच, तोडलेल्या झाडाचा फुटवा आहे. वर खुंट, खाली मुळं जिवंत. शेतकरी दर वर्षी पेरणीआधी तो फुटवा छाटत होते, म्हणून त्याचं झाड होत नव्हतं, एवढंच. मग उरलेलं काम काय? खुंटाला धुमाऱ्यांचा झुपका असतो, त्यातले चारपाच सरळ आणि जोमदार ठेवायचे, बाकीचे कापायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. दर हंगामात पुन्हा तेच. लागतो एक कोयता. पुढच्या वीसेक वर्षांत नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर अशी झाडं परत उभी राहिली. त्यातलं गाओ नावाचं झाड पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणजे पिकाला सावली होत नाही आणि पाल्याचं खत मिळतं.

यात कळीचा मुद्दा मालकीचा. कायद्याने झाडं सरकारची होती. शेतात झाड वाढू द्यावं तर उद्या वनखात्याच्या माणसाला तोंड द्यायची पाळी. ती पकड सैल झाली तेव्हाच लोकांनी झाडं राखली.

नेपाळची गोष्ट वेगळी, पण गाभा तोच. १९९३ च्या वन कायद्याने गावातल्या वापरकर्ता गटांना जंगलाचा कारभार दिला. आज असे २२,००० हून अधिक गट आहेत. १९९२ मध्ये देशाचं वनाच्छादन सुमारे २६ टक्के होतं, २०१६ मध्ये सुमारे ४५ टक्के.

माळरान :

उदाहरणं खरी आहेत, पण तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

नेपाळमध्ये ज्या वर्षांत जंगल वाढलं त्याच वर्षांत डोंगरातले तरुण लाखोंनी आखातात आणि मलेशियात कामाला गेले. शेतं पडीक पडली, गुरं कमी झाली. माणसांचा आणि जनावरांचा भार उतरला की जंगल वर येणारच, त्याचं सगळं श्रेय गटांच्या पदरात कसं टाकता? शिवाय वाढलेल्या जंगलातून बिबटे आणि माकडं शेतात येतात आणि पीक राखायला घरात म्हातारी माणसं तेवढी उरली आहेत.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. ‘लोक’ म्हणजे कोण? चराईबंदीचा ठराव येतो तेव्हा ज्याच्या गोठ्यात बांधून खाऊ घालता येतील अशा दोन म्हशी आहेत, तो लगेच हात वर करतो. शेळ्यांवर घर चालवणारी बाई मागे उभी असते. तिच्या शेळ्या दुसऱ्या दिवसापासून जाणार कुठे? लाकडाचा पहिला पैसा दहा वर्षांनी येणार, तोवर ती थांबेल कशी? नेपाळला २००९ च्या मार्गदर्शिकेत गटाच्या उत्पन्नाचा ३५ टक्के वाटा गरीब आणि वंचित घरांसाठी राखून ठेवायला सांगावं लागलं. आपोआप होत असतं तर लिहायची वेळ आली असती का?

झरा :

दोघांच्याही बोलण्यात गस्त घालणारी माणसं आलीच नाहीत, म्हणून लिहिते.

ओडिशात नयागढ भागातल्या गावांनी उघडे पडलेले डोंगर राखून परत हिरवे केले. तिथल्या पद्धतीला ठेंगापाळी म्हणतात. ठेंगा म्हणजे काठी आणि पाळी म्हणजे आपल्याकडची पाळीच. दिवसभर जंगलात गस्त घालून आल्यावर काठी शेजारच्या घराच्या दाराशी टेकवून ठेवायची. सकाळी ज्या दाराशी काठी, त्या घरची पाळी. हजेरीपट नाही, पगार नाही. कित्येक गावांत हे काम बायकांनी उचललं, कारण सरपणाची मोळी आणि पाणी लांब गेलं की जास्तीची पायपीट त्यांचीच होते. जंगल जवळ आलं की दिवसातले तासच्या तास परत मिळतात. हा फायदा कुठल्या टक्केवारीत दिसत नाही, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

पाण्याबद्दलही. १९७० आणि ८० च्या दशकांत नेपाळच्या उघड्या उतारांवर पाइन लावले गेले. डोंगर लांबून हिरवे दिसू लागले. पण पडलेला पाला लोक गोठ्यासाठी झाडून नेत राहिले, जमीन तुडवली जाऊन दगडासारखी राहिली. पाऊस मुरला नाही आणि जे थोडं मुरलं ते पाइननी ओढलं. जिथे मुळचं रुंद पानांचं रान टिकलं, तिथे जमीन भुसभुशीत राहिली आणि पाणी मुरत राहिलं. झरा हवा असेल तर झाडाइतकीच त्याखालची माती राखावी लागते.

माळरान :

ताई, काठीची गोष्ट मनाला भिडली. पण त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कुणाची? सधन घर पाळीला गडी पाठवील. हातावर पोट असणाऱ्याने काय करायचं?

हिशेबनीस :

पैशाचं मी सांगतो, कारण तिथेच गाडं अडतं.

पश्चिम बंगालमध्ये आराबारी इथे वनाधिकारी अजित कुमार बॅनर्जी यांनी १९७२ मध्ये अकरा गावांना सोबत घेतलं. चोरून तोड थांबवा, जंगलातल्या कामाची मजुरी घ्या, आणि लाकूड निघेल तेव्हा उत्पन्नाचा २५ टक्के वाटा तुमचा. साल वृक्षांच्या खुंटांना धुमारे फुटले आणि जंगल उभं राहिलं. मजुरी आधी मिळाली म्हणून लोकांना वाट पाहता आली. १९९० मध्ये केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचं, म्हणजे गाव आणि वनखातं यांनी मिळून जंगल राखण्याचं परिपत्रक काढलं त्यामागे हाच अनुभव होता. मात्र या पद्धतीत जमीन खात्याची, शेवटचा शब्द खात्याचा. वरचा अधिकारी बदलला की गावाची समिती कागदावर उरते, असं पुष्कळ ठिकाणी झालं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे उलटं केलं, जंगलाचा हक्क गावाच्या ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना हाती यायला २०११ उजाडलं. बांबू आपला, पण गावाबाहेर न्यायची परवानगी दुसऱ्याची, तर तो हक्क कसला? परवाना आल्यावर बांबूचा पैसा थेट ग्रामसभेत आला. राखणीचं मोल ज्याचं त्याला मिळालं तरच माणूस दुसऱ्या वर्षी राखायला उभा राहतो.

राखणदार :

हिशेबनीस, मनापासून आभार. माळरान, तुमच्या शेळ्यांच्या मुद्द्याला मी बगल देणार नाही, तो माझ्या मांडणीतला खरा कच्चा दुवा आहे. पण त्यावर उपाय म्हणून जंगल पुन्हा खात्याच्या हाती द्यायचं म्हणाल तर नाही. हिमाचलच्या कांगडा भागात सरकारने दशकानुदशकं लागवड केली. तिचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडोरा दाट झाल्याचं दिसलं नाही, उलट चाऱ्याच्या आणि सरपणाच्या झाडांचं प्रमाण घटलं. म्हणजे खर्च झाला आणि शेळीवाल्या बाईचा चाराही गेला.

मेंढा (लेखा) गावातली आणखी एक रीत तुमच्या प्रश्नाला लागू पडते. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालू ठेवायची. वेळ लागतो, कबूल. पण मागे उभ्या असलेल्या बाईचा ‘नाही’ तिथे मोजला जातो. हात वर करून मोजणी केली तर ती दर वेळी हरणारच.

माळरान :

सर्वसहमतीचं पटलं. फक्त ‘नाही’ म्हणायची हिंमत होईल इतकं तिचं घर दुसऱ्यांच्या उपकारावर चालत नसलं पाहिजे.

खात्याकडे द्या असं मी म्हटलेलं नाही. माझी भीती वेगळी आहे. ‘जंगल पुनरुज्जीवन’ हा शब्द गाजला की झाडं नसलेली प्रत्येक जमीन उजाड ठरते. दख्खनचा माळ उजाड नाही. तिथे गवत आहे, लांडगा आहे, तणमोर आहे, आणि पिढ्यानपिढ्या मेंढरं घेऊन फिरणारी माणसं आहेत. त्यावर खड्डे खणून रोपं लावली की यातलं सगळंच जातं. आणि मेंढपाळ बाहेरचा असल्यामुळे गावच्या सर्वसहमतीत त्याला जागाच नसते. तो वर्षातून महिना-दोन महिने येतो आणि पुढे जातो. त्याचा हक्क कोण मोजणार?

झरा :

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण सुरुवात माहीत आहे. ठराव करण्याआधी गुरं राखणाऱ्यांना घेऊन सगळं क्षेत्र पायी फिरायचं. कोणत्या महिन्यात कोण कुठे चारतं, पाण्यावर कुठून उतरतं, बाहेरची मेंढरं कुठे बसतात, हे तिथल्या तिथे नोंदवायचं. मग क्षेत्राचे तुकडे करायचे आणि एका वेळी एकच बंद करायचा, धुमारे शेळीच्या तोंडाच्या वर गेले की तो उघडून पुढचा घ्यायचा. बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला आधी शेळीवाल्या घरांना मुभा द्यायची.

माळरान :

आणि माळ असेल तिथे खड्डे नकोत. हे पहिल्या कागदावर लिहिलेलं असलं तर मीही काठी घेऊन गस्तीला येईन.

हिशेबनीस :

गस्तीची मजुरीही त्याच कागदावर. ज्या घराची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला पाळीच्या दिवसाचे पैसे गटाच्या निधीतून, त्याच संध्याकाळी.