आउटपुट फाईल स्वतः बंद करायची की प्रोग्रॅमिंग भाषेवर सोडायची?

धागालेखक: लिहिण्यासाठी उघडलेली फाईल स्वतः बंद करा, आणि बंद करताना येणारं उत्तरही तपासा, असं माझं ठाम मत आहे. आपण लिहितो ते आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतं. शेवटचा तुकडा बाहेर पडतो तो बहुधा एफक्लोजच्या (सी भाषेत फाईल बंद करणाऱ्या फंक्शनच्या) वेळी, म्हणजे डिस्क भरल्याचं कळतं तेही तिथेच. रात्रभर चाललेल्या कामात सगळे एफप्रिंटएफ (फाईलमध्ये लिहिणारे कॉल) यशस्वी आणि सकाळी फाईल अर्धवट, हे मी भोगलंय.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. प्रोग्रॅम एक्झिट होताना सी लायब्ररी बफर रिकामे करतेच. पायथनमध्ये २.५ पासून विथ आहे, सी++मध्ये डिस्ट्रक्टर आहे; दोन्ही फाईल आपोआप बंद करतात. स्वतः बंद करायला गेलं की मध्येच एरर येऊन परतणाऱ्या एखाद्या वाटेवर हमखास राहून जातं.

धागालेखक: वाटा सुटतात, मान्य. पण बफर रिकामा करतानाच चूक झाली तर ती सांगायची कोणी? सी++मधल्या ऑफस्ट्रीमचा (फाईलमध्ये लिहिणाऱ्या ऑब्जेक्टचा) डिस्ट्रक्टर ती गिळतो, रस्ट भाषेतला बफरायटर (बफरमधून लिहिणारा) ड्रॉप, म्हणजे नष्ट, होताना तेच करतो, गो भाषेतलं नुसतं डिफर क्लोजही (फंक्शन संपताना फाईल बंद कर, ही आधीच दिलेली सूचना) उत्तर टाकून देतं. पायथनचं विथ मात्र एक्सेप्शन देतं, ते यात धरत नाही. लिनक्सवर सीमधून /डेव्ह/फुलमध्ये (कायम भरलेल्या डिस्कसारखी वागणारी खास फाईल) चार ओळी लिहून बघा: लिहिताना सगळं सुरळीत, एफक्लोजला 'जागा नाही'. आणि सिगकिल (प्रोग्रॅमला तत्काळ मारणारा सिग्नल) आला तर बफरमधलं सगळंच गेलं, तिथे एक्झिटची वेळच येत नाही.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही क्लोजवर फार भिस्त ठेवताय. क्लोजनंतरही डेटा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्येच, म्हणजे मेमरीतच, असू शकतो, लिनक्सवर साधारण ३० सेकंद. तेवढ्यात वीज गेली तर संपलं. आधी एफफ्लश (बफर कर्नलकडे रिकामा करणं), मग एफसिंक (कर्नलला डेटा डिस्कवर लिहायला लावणं), मग क्लोज. जुनी फाईल बदलायची असेल तर तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा आणि मगच जुन्या नावावर रिनेम. एफसिंक फसलं तर पुन्हा करून आलेल्या यशावरही विसंबू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाले याच प्रश्नाशी झगडले: दुसरं एफसिंक 'झालं' म्हणायचं, पेज कॅशमधलं पान (डेटाचा तुकडा) मात्र डिस्कवर गेलेलंच नसायचं.

प्रतिसाद १: प्रत्येक लॉगला (प्रोग्रॅमच्या घडामोडींच्या नोंदीला) एफसिंक लावलं तर प्रोग्रॅम रांगायला लागेल!

धागालेखक: लॉगला नकोच. हिशेबाच्या फाईलला हवं. गोमध्ये डिफर असू द्या, ते चुकीच्या वाटांसाठी. काम नीट पार पडलं त्या वाटेवर स्वतः क्लोज करून एरर बघा, नंतरचं दुसरं क्लोज फक्त एरर देतं, बिघडवत काही नाही. सीमध्ये मात्र त्याच फाईल पॉइंटरवर दुसरं एफक्लोज चुकूनही नको.

प्रतिसाद १: गोचं पटलं, आजच बदलतो. लॉगला एफसिंक नको, हा आग्रह माझा कायम.