'अर्ध्या तासात लिनक्स' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

कोकणकडा

विंडोज १० बंद झाल्यापासून एक पोस्ट गटागटांतून फिरतेय. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तेव्हा धडधाकट पीसी भंगारवाल्याला देऊ नका, लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. इथपर्यंत सगळं बरोबर. मी तालुक्याच्या गावात हेच करतो. डोकं फिरलं ते शेवटच्या ओळींनी: 'अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढंही ज्याला जमत नाही तो आळशी. त्याने खुशाल नवीन लॅपटॉपवर पन्नास हजार उडवावेत.'

अर्धा तास लागतो तो इन्स्टॉलला. पुढचं कोण करणार? आमच्याकडच्या एका झेरॉक्सवाल्याचा पीसी असाच एका उत्साही मुलाने लिनक्सवर नेला. ब्राउझर चालला, व्हिडिओ चालले, मुलगा खूश होऊन पुण्याला परत गेला. सोमवारी दुकान उघडलं तर जुना लेझर प्रिंटर नुसता दिवा लावून बसलेला, स्कॅनर दिसेना, डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा. दाखल्यांच्या अर्जांची रांग दाराबाहेर. मुलाचा फोन बंद. संध्याकाळी शेजारच्या मोबाइलवाल्याने क्रॅक केलेलं विंडोज परत टाकून दिलं. आता त्या बाजारपेठेत लिनक्सचं नाव काढलं की लोक त्या सोमवारची गोष्ट सांगतात, आणि ती ऐकून घ्यावी लागते मला.

केरळचं नाव सगळे घेतात. तिथे आयटी@स्कूल २००१ मध्ये सुरू झालं, २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली, शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुळलं. कारण शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, मास्टर ट्रेनर नेमले गेले, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा त्याच प्रणालीवर ठेवली. लिनक्स इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल तिथेही फुकट होती, इथेही फुकटच आहे.

ज्याने पेन ड्राइव्ह लावला त्याने पुढचे सहा महिने फोन उचलावा. जमत नसेल तर निदान लोकांना आळशी म्हणू नये.

पेंग्विन_पुणेकर

ती पोस्ट माझी आहे. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

सहा महिने फोन उचलायचा? कोणत्या पगारावर? आम्ही शनिवार-रविवार घालवून, स्वतःचं पेट्रोल जाळून लोकांचे पीसी जिवंत करतो. मायक्रोसॉफ्टने आजवर त्या झेरॉक्सवाल्याचा एक तरी फोन उचललाय का? त्यांना कोणी जाब विचारत नाही, फुकट काम करणाऱ्याला मात्र सहा महिन्यांची हमी मागायची.

आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांना मिंट बसवून दिलं. त्यांना बँक, मेल, नातवंडांचे व्हिडिओ कॉल आणि पेपर वाचायचा असतो. एकाचीही तक्रार नाही. माझ्या आईचा पीसी विंडोज ११ च्या परीक्षेत नापास होता, आज ती त्याच्यावर रोज शब्दकोडं सोडवते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. एवढं असून हलत नसेल त्या माणसाला मी आळशीच म्हणणार.

बंद_दार

दोघंही घाई करताय. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ३० डॉलर भरा, किंवा एक हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचा बॅकअप सुरू करा, तेही नको असेल तर लिनक्स आहेच. धंद्याचा पीसी असेल तर तोवर शांतपणे तयारी करावी. सोमवारी दुकान उघडायचं असताना रविवारी प्रणाली बदलणारा मुलगा आणि ती बदलू देणारा मालक, चूक दोघांची.

म्युनिक_मराठी

युरोपात तो बॅकअपचासुद्धा आग्रह मायक्रोसॉफ्टला सोडावा लागला. ग्राहक संघटना मागे लागल्या म्हणून. आपल्याकडे कोण मागे लागणार?

आणि केरळ एकच उदाहरण नाही. मी राहतो त्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला आले होते. २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार पीसी लिनक्सवर गेले. २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. मधल्या काळात महापौर बदलले होते, आणि मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय २०१६ मध्ये म्युनिक शहरात आलं होतं. तुमचा झेरॉक्सवाला एका दिवसात परत फिरला, इथे प्रशिक्षण, हेल्पडेस्क, बजेट सगळं असूनही परत फिरले. तेव्हा 'फोन उचला' हे उत्तर पुरत नाही. पाठीशी राजकीय इच्छा लागते. श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने आता ४० हजारांवर मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमधून बाहेर काढले ते तशी इच्छा होती म्हणून.

कोकणकडा

@म्युनिक_मराठी, तुम्ही महानगरपालिकेचं बोलताय, मी एका दुकानाचं. त्या दुकानदाराला कोणत्या नगरपरिषदेचा ठराव लागत नव्हता. प्रिंटर चालायला हवा होता.

@पेंग्विन_पुणेकर, तुमची आई शब्दकोडं सोडवते कारण प्रिंटर अडला तर तुम्ही घरातच आहात. माझा मुद्दा तोच आहे.

जुळारी

इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही म्हणून लिहिते.

माझा सोलापुरात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सासऱ्यांच्या काळापासूनच्या सगळ्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नाहीत. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, त्यानंतर अडोबीने नवं काढलंच नाही, तरी जिल्ह्यातले निम्मे डीटीपीवाले त्याच्यावरच बसलेत. ते आळशी नाहीत. गिऱ्हाईक मागच्या वर्षीचा अहवाल घेऊन येतं आणि म्हणतं, 'ताई, फक्त आकडे बदला.' ती फाइल उघडली नाही तर ते गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जातं.

तुमच्या लिनक्सवर ती फाइल उघडून दाखवा, मी आज विंडोज पुसते.

पेंग्विन_पुणेकर

ताई, राग मानू नका, पण हा प्रश्न लिनक्सचा नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. एवढ्या वर्षांत डीटीपीवाल्यांनी बदल केला नाही. तुमचा मजकूर गूगलला सापडत नाही, फोनवर वाचता येत नाही, दुसऱ्या पीसीवर नेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पानं मांडायला स्क्रायबस १.६ आलंय, त्यात देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित येतात. लिबरऑफिस २०१७ पासून सगळ्या प्रणालींवर जोडाक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ वापरतं. मुक्तासारखा देखणा फॉन्ट मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेने खुल्या परवान्याखाली दिलाय. सगळं फुकट. अजून काय हवं?

आणि स्पष्टच बोलतो. निम्म्या छापखान्यांत पेजमेकर आणि ते फॉन्ट दोन्ही चोरीचे असतात. म्हणून बदल नको असतो.

जुळारी

चोरीचे? आमच्या सासऱ्यांनी फॉन्टचा संच रोख पैसे मोजून घेतला. सोबत आलेलं हार्डवेअर लॉक अजून ड्रॉवरमध्ये आहे, पावतीसकट. ते लॉक ज्या पोर्टला लागायचं तो पोर्ट आता पीसीवर येत नाही, म्हणून तो जुना पीसी आम्ही जपतो. न बघता चोर म्हणायची रीत पुण्यात असेल, आमच्यात नाही.

'फुकट' असं म्हणताना माझी माणसं कोण शिकवणार ते सांगा. माझी ऑपरेटर रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर टाइपिंगची परीक्षा देऊन आली आहे. तिची बोटं तशी बसलीत. तिला उद्या इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी शिक म्हटलं तर लग्नसराई कोण काढणार?

ऱ्हस्वदीर्घ

इथे दोन गोष्टी एकत्र कालवल्या जाताहेत. कीबोर्डची मांडणी वेगळी आणि साठवण वेगळी. रेमिंग्टन ठेवूनही युनिकोड टाइप करता येतं. लिनक्सवर आयबस या टाइपिंगच्या सोयीत एम१७एन हा भाषांचा संच टाका, मराठीखाली रेमिंग्टन आहे, इनस्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं 'गमभन'सुद्धा आहे. ताई, तुमच्या ऑपरेटरची बोटं हलवायची गरज नाही.

खरा घोळ जुन्या फाइलींचा आहे आणि तो @पेंग्विन_पुणेकर यांना वाटतो तेवढा सोपा नाही. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेत. पहिली वेलांटी आधी, मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. 'कीर्ती'मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये शेवटी टाइप होतो, युनिकोडमध्ये तो 'त'च्या आधी यावा लागतो. अर्धा त आणि काना जोडून पूर्ण त होतो. आणि प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. कन्व्हर्टरला हे सगळं उलगडून परत लावावं लागतं. 'सुऱ्या'चं 'सुर्या' झालं की कळतंसुद्धा नाही, कारण चूक डोळ्याला शब्दासारखीच दिसते. आडनावांच्या यादीत असं झालं तर पतसंस्थेचा सभासद भांडायला येतो.

ल आणि श यांचंही तेच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेचा निर्णय काढला, तरी छापील मजकुरात हिंदी वळणाचा ल सर्रास दिसतो. फॉन्टमध्ये सोय असेल तर लिबरऑफिसात मजकुराची भाषा मराठी केली की आपला ल येतो. हिंदी ठेवली की गेला. हे किती जणांना माहीत आहे?

बंद_दार

धागा विंडोज १० चा होता. आता ल वर आला.

ऱ्हस्वदीर्घ

आलाच पाहिजे. ज्या प्रणालीत माझी भाषा नीट दिसत नाही ती फुकट असून मला काय करायची? आणि ती नीट दिसावी म्हणून ज्यांनी काम केलं त्यांचं नाव कुणी घेत नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित फॉन्ट मोकळे केले म्हणून लिनक्सवर मराठी वाचता तरी आली. त्या काळी मेन्यूंची भाषांतरं करणारी मुलं रात्री जागून काम करायची. आज किती जण करतात? नव्या आवृत्तीत निम्मा मेन्यू इंग्रजी आला की मराठी माणूस म्हणतो 'इंग्रजीच ठेव', आणि भाषांतराची यादी तिथेच राहते.

वर्गशिक्षक_झेडपी

मला शाळेचं सांगायचं आहे. दानात आलेल्या संगणकांवर एका सेवाभावी मंडळींनी लिनक्स टाकून दिलं, फोटो काढले, पेढे वाटले. अॅडमिनचा पासवर्ड कुणालाच सांगितला नाही. कोकणकडा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

पण मुलांबद्दल बोलाल तर मुलांना काही अडत नाही. टक्स पेंट या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर पहिली-दुसरीची मुलं तासन्‌तास बसतात. अडतं ते मोठ्यांचं. नोकरीसाठी एमएस-सीआयटी लागतं, त्यात विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात. गावातल्या मुलीला मी लिबरऑफिस शिकवलं, तर तिचे वडील विचारतात, 'सर, हे परीक्षेला चालतं का?' केरळने परीक्षाच बदलली. आपण परीक्षा तीच ठेवून पेन ड्राइव्ह वाटतोय. हे शासनाच्या पातळीवर बदललं नाही तर आपण कितीही भांडलो तरी उपयोग नाही.

म्युनिक_मराठी

हेच मी वर म्हणत होतो.

कोकणकडा

परीक्षेचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे हेही मान्य. पण शासन परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर त्या शाळेचा पासवर्ड कुणीतरी मास्तरांना द्यायला हवा. त्याला शासन निर्णय लागत नाही.

जुळारी

@ऱ्हस्वदीर्घ, रेमिंग्टनचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ठीक आहे. नव्या कामापुरतं बघते. जुन्या फाइलींना हात लावणार नाही, तुमचा सुऱ्याचा सुर्या वाचूनच घाम फुटला. जुना पीसी इंटरनेटशिवाय तसाच राहील. त्याला तसेही कसले अपडेट नकोत.

@पेंग्विन_पुणेकर, चोरीचं बोललात ते मागे घ्या. नाहीतर पुढचं काही ऐकणार नाही.

पेंग्विन_पुणेकर

तुमच्या छापखान्यापुरतं मागे घेतो. बाकी मी जे डोळ्यांनी पाहिलंय ते पाहिलंय.

पोस्टमध्ये बदल करतोय. 'आळशी' काढलं. 'अर्धा तास' राहील, कारण इन्स्टॉलला तेवढाच लागतो, पण त्याखाली लिहितोय: आधी इन्स्टॉल न करता लाइव्ह पेन ड्राइव्हवरून प्रिंटर, स्कॅनर आणि सहीचं डोंगल चालवून बघा, धंद्याच्या पीसीवर विंडोज पुसू नका, दुसऱ्या डिस्कवर लिनक्स ठेवा. टॅलीवाल्यांनी तर पुसूच नका, ते लिनक्सवर येत नाही. सहा महिन्यांची हमी मात्र मी देणार नाही. मी एकटा आहे.

कोकणकडा

एकटे आहात म्हणून तर म्हणतोय. पोस्ट हजारो लोकांपर्यंत गेली, तिच्याखाली एकाही गावातल्या माणसाचा नंबर नाही. ज्या तालुक्यात कुणी हाताशी आहे त्या तालुक्यापुरतंच 'टाका' म्हणा. राजापूर आणि लांजा माझ्याकडे लिहा. बाकीच्यांनी आपापलं गाव खाली लिहावं.

वर्गशिक्षक_झेडपी

भोर. शनिवारी दुपारनंतर. प्रिंटरचं मला येत नाही, ते कुणीतरी शिकवा.

जुळारी

सोलापूर शहर. फक्त मराठी टाइपिंगची अडचण असेल तर. तेही आधी माझ्या ऑपरेटरने महिनाभर वापरून बघितल्यावर.