शब्दचर्चा: ‘एक्युमेनिकल सर्व्हिस’ मराठीत कशी लिहावी?

प्रश्न:
पूरग्रस्तांसाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून केलेल्या कामाचा अहवाल मराठीत आणते आहे. त्यात ‘एक्युमेनिकल सर्व्हिस’ वारंवार येतं. संपादकांनी ‘सर्वधर्मीय सेवा’ सुचवलं, मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, ‘सर्वधर्मीय’ नकोच. त्यात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख सगळे आले. एक्युमेनिकल म्हणजे ख्रिस्ती लोकांमधल्या वेगवेगळ्या मंडळ्यांनी, म्हणजे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट यांनी, एकमेकांच्या जवळ येणं. मूळ ग्रीक ‘ओइकुमेने’, माणसांनी वसलेली सगळी पृथ्वी. त्यावरून ‘सार्वत्रिक’ सुचेल, पण तो शब्द ‘कॅथलिक’च्या मूळ अर्थासाठी वापरात आहे, घोटाळा होईल. मी ‘आंतरमंडळीय’ लिहितो. ‘आंतरपंथीय’ही समजतं.

‘सर्व्हिस’ मात्र दर वेळी तपासा. चर्चमध्ये एकत्र प्रार्थना झाली असेल तर ‘संयुक्त उपासना’. अन्न, औषधं, निवारा दिला असेल तर ‘संयुक्त सेवाकार्य’. एकच मराठी शब्द दोन्हीकडे चिकटवला तर वाचकाला कळणारच नाही की लोक गुडघे टेकत होते की पोती उचलत होते.

प्रतिसाद:
सेवेचा ग्रीक शब्द ‘डायकोनिया’. पंगतीत वाढण्याचा अर्थ त्यात आहे, आणि मराठी बायबलातला ‘पंक्तिसेवा’ हा शब्द तो फार सुंदर पकडतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 पुन्हा वाचा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, म्हणून सात जण नेमले गेले. तंटा दोन भाषागटांतला होता आणि तो वाटपाची व्यवस्था नीट लावून मिटवला गेला. एकोपा आणि सेवा तिथे एकाच प्रसंगात आहेत, म्हणून मला हे दोन शब्द अहवालात शेजारी दिसले की आनंद होतो.

1925 साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला तिथले आर्चबिशप नाथान सोडरब्लोम यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या मंडळ्यांची परिषद भरली, तेव्हाचं सूत्र होतं: सिद्धांत फूट पाडतो, सेवा जोडते. पहिलं महायुद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, ख्रिस्ती राष्ट्रांनीच एकमेकांना मारलं होतं, त्यामुळे ही तळमळ खरी होती. कॅथलिक चर्च मात्र त्यात नव्हतं. पुढे कॅथलिक चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964मधल्या आदेशपत्राने कॅथलिकांना भूक, निरक्षरता, गरिबी, घरांची टंचाई यांवर इतर ख्रिस्ती लोकांसोबत काम करायला सांगितलं.

प्रतिसाद:
‘ऐक्य’ लिहाल तेव्हा ‘विलीनीकरण’ ध्वनित होऊ देऊ नका. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ते विलीनीकरण. तमिळनाडूतल्या वेल्लोरची गोष्ट वेगळी. अमेरिकन मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी 1918मध्ये तिथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा उघडली, तिच्या नावातच ‘युनियन मिशन’ होतं. अनेक मिशनं मिळून ती चालवत, पण प्रत्येकाची मंडळी आपापली राहिली. आज नुसतं ‘युनियन’ लिहिलं तर कामगार संघटना डोळ्यांपुढे येते, म्हणून ‘संयुक्त’ बरं.

सेवेने सगळं जुळतं असंही भासवू नये. एकाच पातेल्यातून वाढणारे रविवारी वेगळे होतात, एक कॅथलिक उपासनेला म्हणजे मिस्सेला जातो, दुसरा प्रोटेस्टंटांच्या प्रभुभोजनाला, आणि ही दरी दोघांनाही दुखते. अहवालात ते दुःख असेल तर अनुवादातही राहू द्या.

विचारणाऱ्या ताई:
मनापासून आभार. अहवालात ते आहे, आणि मी ते गाळणार नाही. ‘आंतरमंडळीय सेवाकार्य’ करते, उपासनेचा एक परिच्छेद आहे तिथे ‘संयुक्त उपासना’. ‘बेनिफिशिअरी’ला संपादकांनी ‘लाभार्थी’ केलंय, ते सरकारी योजनेचं वाटतं.

प्रतिसाद:
‘पूरग्रस्त कुटुंबं’ लिहा. ज्या ओळीत तेच लोक स्वतः वाढायला उभे राहिले असतील, तिथे ‘गावकरी’.