गॅस बंद असतानाही पॅनल मीटरवर २० दाखवतंय, काय करू?

मकरपुरा_भट्टीवाला:
नमस्कार मंडळी, बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं हीट ट्रीटमेंटचं युनिट आहे, भट्टीला नायट्रोजन लागतो. लाइनवर गॅसचा प्रवाह मोजायला थर्मल मास फ्लो सेन्सर बसवलाय, ० ते १०० लिटर पर मिनिट, आउटपुट ४ ते २० मिलिअँप, आणि पॅनलवर डिजिटल मीटर लावून स्केल ० ते १०० टाकलं. आता होतंय असं की व्हॉल्व पूर्ण बंद केला तरी मीटर २० दाखवतं. शेजारच्या रोटामीटरवर (नळीत तरंगत्या गोटीचा साधा फ्लो मीटर) २५ असलं की इथे साधारण ४०, तिकडे ५० की इथे ६० च्या आसपास, आणि फुल सोडलं की दोन्हीकडे जवळपास १००. सेन्सरवाला म्हणतो मीटर खराब, मीटरवाला म्हणतो सेन्सर खराब. रात्रपाळीची पोरं याच आकड्यावर गॅस लावतात, म्हणजे ६० समजून ५० च जातोय, आणि जॉब (भट्टीत टाकलेले पार्ट) काळे पडून बाहेर येतायत. प्लीज कुणीतरी सांगा.

पॅनल_वायरमन:
दादा काहीच खराब नाहीये, काही बदलू नका. मीटरचा इनपुट ०-२० मिलिअँपवर राहिलाय. सेन्सर गॅस नसताना ४ मिलिअँप देतो, आणि ४ म्हणजे २० चा पाचवा हिस्सा, म्हणून १०० पैकी २० दिसतंय. ५० लिटरला १२ मिलिअँप येतात, त्याचे ६०. तुमचे सगळे आकडे यात बसतात बघा. मेनूत जाऊन इनपुट टाइप ४-२० करा, स्केल आहे तेच ठेवा. तोवर पोरांना सांगा, मीटरच्या आकड्यातून २० वजा करून सव्वापट करायचं.

सयाजीगंज_इन्स्ट्रुमेंट:
वरचं अगदी बरोबर. पण हे नुसतं आकड्यापुरतं नाहीये हां, शून्याला ४ ठेवलेत ते मुद्दाम. ०-२० वर वायर तुटली तर मीटर शांतपणे ० दाखवणार आणि पोरांना वाटणार गॅस बंद आहे. ४-२० वर तेच मायनस २५ किंवा सरळ एरर येईल, बघताक्षणी कळतं. सेटिंग झालं की एक वायर काढून हे बघून घ्याच. आणि अजून एक, सेन्सर नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला आहे ना? उद्या त्याच लाइनवर आर्गॉन सोडलात तर थर्मल सेन्सर कमी दाखवतो, साधारण १.४ ने गुणावं लागतं.

मकरपुरा_भट्टीवाला:
केलं!! बंद असताना ०, रोटामीटरवर ५० तर इथे ४७. वायर काढून पाहिली, मायनस २५ आलं. पण हा ३ चा फरक कशाचा?

सयाजीगंज_इन्स्ट्रुमेंट:
गॅस तापला की फुगतो, म्हणून सेन्सरच्या प्लेटवर लिटर कुठल्या तापमानाचे लिहिलेत ते बघा. ० डिग्रीचे आणि २० डिग्रीचे लिटर यांत ७ टक्के फरक पडतो, ५० ला तो साडेतीनच्या आसपास येतो. शिवाय रोटामीटर ज्या प्रेशरला बनवलाय त्याच प्रेशरला खरं बोलतो, तुमचं लाइन प्रेशर किती आहे?