सोडियम १२६ आलंय, मग मीठ वाढवायचं सोडून पाणी का तोडायचं?

प्रश्न
आई ७४ वर्षांची आहे. बीपीच्या औषधात मागच्या महिन्यात थायझाइडची गोळी वाढवली. तेव्हापासून तिला मळमळतं, चालताना तोल जातो, बोलता बोलता शब्द सापडत नाही. रिपोर्टमध्ये सोडियम १२६. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि दिवसाला एक लिटरच्या वर पाणी द्यायचं नाही, असं सांगितलंय. तिचं तोंड कोरडं पडतं, मला बघवत नाही हो.

उत्तर १
किडनी वॉर्डात नर्स आहे, हा प्रश्न नातेवाईक रोज विचारतात. रिपोर्टमधला आकडा अंगातलं एकूण मीठ सांगत नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच तो सांगतो (नॉर्मल १३५ ते १४५). मीठ तेवढंच राहून पाणी वाढलं तरी आकडा उतरतो. थायझाइडमुळे किडनीला पातळ लघवी करता येत नाही, त्यामुळे प्यालेलं जास्तीचं पाणी बाहेर पडत नाही. ते पेशींमध्ये शिरतं. मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते, म्हणून शब्द सापडत नाहीत, तोल जातो.

सकाळीच एक लिटरची बाटली भरून ठेवा. आईंनी चहा, दूध, सूप घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून थुंकायला सांगा, ओठांना व्हॅसलीन लावा.

प्रश्नकर्ती
ताई, खूप बरं वाटलं. मग सलाइन लावून पटकन वाढवत का नाहीत?

उत्तर २
मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे. सोडियम हळूहळू उतरलं असेल तर मेंदूने तोवर जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी झपाट्याने वर नेलं तर मेंदूतल्या नसांचं आवरण सुटतं, आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून २४ तासांत ८ ते १० च्या वर चढू देत नाहीत. फिट आली किंवा शुद्ध हरपली तरच ३ टक्क्यांचं सलाइन, तेही मोजून आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासत.

उत्तर १
आणखी एक. पाणी तोडणं हा सगळ्यांचा उपाय नव्हे. जुलाब-उलट्यांनी सोडियम उतरलेल्या माणसाचं पाणी तोडलं तर तो आणखी खचतो. त्यामुळे हे वाचून कुणी आपल्या मनाने सुरू करू नका. आणि ताई, आई सारख्या झोपाळू वाटल्या, उलट्या थांबेनात किंवा झटका आला, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या. बंद केलेल्या गोळीचं पाकीट सोबत घ्या.