मदत हवी आहे: शिंप्याच्या घरट्याचं पान पिवळं पडतंय

नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहतो, मागे छोटीशी बाग आहे आणि तिथल्या वांग्याच्या झाडावर शिंपी पक्ष्यांनी घरटं केलंय. दोन पानं जवळ ओढून कडेला भोकं पाडून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याने शिवलीयत, बाहेरून बघितलं की प्रत्येक टाक्याशी धाग्याचा बारीक गोंडा दिसतो, इतकं सुरेख काम आहे की काय सांगू! आत पिल्लं आहेत, डोळे अजून उघडले नाहीत.

आता अडचण अशी की शिवलेल्यातलं एक पान पिवळं पडायला लागलंय. देठ गळून पडला तर सगळं खाली येईल. सुतळीने फांदीला हलकेच बांधलं तर आईबाप घाबरून सोडून जातील का? की खाली जाळी लावू? कोणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे रविवारी सोसायटीत पेस्ट कंट्रोल आहे. पिल्लांना हे दिवसभर किडे-अळ्याच भरवतात, म्हणजे विष थेट चोचीत जाणार ना. पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात, तेवढे दिवस फक्त आमच्या बाजूची फवारणी थांबवा म्हटलं तर सेक्रेटरी काका ऐकत नाहीयेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 दाखवून कोणाच्या कमिटीने ऐकलंय का?

शिवाय भारद्वाज कुंपणावर येऊन बसतोय, तो पिल्लं उचलतो. प्लीज लवकर सांगा, पानाचं तर आजच काहीतरी करायला हवं.