मदत हवी आहे: स्वतंत्र मंडळीने (चर्चने) नवा पाळक (पास्टर) रीतसर कसा नेमायचा?

तिसरा_बाक
सर्वांना जय ख्रिस्त. आमची मंडळी कुठल्याही डायोसिस-सिनॉडला, म्हणजे वरच्या चर्चसंस्थेला, जोडलेली नाही. सभासदांच्या वहीत ८२ नावं, रविवारी येतात ५०च्या आसपास. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. पाळक डिसेंबरात निवृत्त होतील. घटनेत एकच वाक्य आहे: ‘पाळकाची नेमणूक मंडळी करील.’ मंडळी म्हणजे कोण, मतं किती, पाळकपदाची दीक्षा कोणी द्यायची, यावर अवाक्षर नाही. वर बिशप नाही. मग सुरुवात कुठून करायची?

पोटनियम
वहीपासून. पाळक नंतर शोधा. स्वतंत्र मंडळीत वर दाद मागायला कोणी नसतं. भांडण झालं की थेट धर्मादाय आयुक्त किंवा कोर्ट, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो मतदार कोण याचा. वारलेले, गाव सोडलेले, दुसऱ्या मंडळीकडे पत्र घेऊन गेलेले वेगळे काढा. पण नावं परस्पर कापू नका. यादी चर्चच्या दाराशी लावा, हरकतींना दोन रविवार द्या, मग सभेत मंजूर करा. बाप्तिस्मा झालेलं लहान मूल वहीत असतं, पण मत कितव्या वर्षापासून तेही आत्ताच ठरवा.

मग घटनेतल्या त्या वाक्याला हात न लावता त्याखाली पोटनियम करा. शब्द जपून. ‘एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश’ असं लिहिलंत तर ८२ पैकी ५५ मतं लागतील आणि येतात ५०. म्हणजे पाळक कधीच मिळणार नाही. ‘हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश’ लिहा आणि गणसंख्या वेगळी, एक-तृतीयांश ठेवा. नोटीस १४ दिवसांची, विषय स्पष्ट लिहून. ‘इतर विषय’ या सदरात पाळक नेमला तर ती सभा टिकणार नाही.

मतदान चिठ्ठीने, आणि एका वेळी एकाच उमेदवारावर, हो किंवा नाही. दोघांना समोरासमोर उभं केलंत की जिंकणारा अर्ध्या मंडळीचा पाळक होतो.

नगरी_सलाम
दीक्षेबद्दल. १६४८च्या केंब्रिज प्लॅटफॉर्ममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांच्या मूळ नियमावलीत, हा प्रश्न सोडवलेला आहे: मंडळीत वडील (एल्डर, म्हणजे निवडलेले पुढारी) असतील तर दीक्षेसाठी नव्या पाळकाच्या डोक्यावर हात त्यांनी ठेवावेत; नसतील तर मंडळीने निवडलेल्या बांधवांनी; हवं तर शेजारच्या मंडळ्यांच्या वडिलांना बोलवावं. अधिकार निवडणुकीतून येतो, हात ठेवणं ही त्यावरची मोहोर. तरी शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांचे पाळक बोलवाच. ते उमेदवाराची शिकवण तपासतात, कागदपत्रं बघतात, आणि मतदानात नाराज झालेला गटही त्यांच्यासमोर शांत बसतो. त्यांचं काम सल्ल्याचं, मंजुरीचं नाही, हे निमंत्रणातच लिहा.

एक तपासून घ्या. मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली आहे का? ते मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्या, वळणाचं होतं, पण त्यांच्या मंडळ्या १९२४ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये आणि १९७०ला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) गेल्या. अशा ठिकाणी ‘आम्ही पूर्वीपासून स्वतंत्र’ म्हणून भागत नाही. प्रॉपर्टी कार्डावर आणि पीटीआर उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदणीच्या) कुणाचं नाव आहे ते आधी बघा.

तिसरा_बाक
मिशनशी संबंध नाही, उतारा आमच्याच ट्रस्टचा आहे. आताचे पाळक ट्रस्टी आहेत. नव्यालाही करावं का? आणि जानेवारीत दोन लग्नं ठरली आहेत.

पोटनियम
पगारी पाळक ट्रस्टी नसलेला बरा. स्वतःच्या पगाराच्या ठरावावर तोच बसतो, आणि मंडळीने निरोप दिला तरी ट्रस्टी म्हणून उरतो. आमंत्रणपत्रात पगार, घर, रजा, दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची नोटीस हे सगळं लिहा. जुन्या पाळकांचा ट्रस्टीपदाचा राजीनामा मात्र धर्मादाय कार्यालयाला बदल अर्जाने (चेंज रिपोर्ट) कळवावा लागेल, बदल झाल्यापासून ९० दिवसांत, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याच्या सह्या, हजेरी, ठराव आणि राजीनामा. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा पोचीच्या सह्यांपाशी, म्हणून व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

नगरी_सलाम
लग्नांची घाई आत्ताच करा. १८७२च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात बिशपच्या हातून दीक्षा झालेल्यांना वेगळा परवाना लागत नाही. तुमच्या पाळकाला राज्य सरकारचा लागेल. तो व्यक्तीच्या नावे असतो, निवृत्त पाळकांचा नव्याला चालत नाही. अधिकार नसताना लग्न लावलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवाना हातात येईपर्यंत दोन्ही लग्नं परवानाधारक पाळकाकडून किंवा विवाह निबंधकांसमोर लावा. नव्या पाळकाने उपासना घ्यावी, उपदेश करावा. प्रत्यक्ष लग्न लावणं आणि नोंदवहीवर सही मात्र परवानाधारकाचीच.

तिसरा_बाक
वही आज काढली. ८२ पैकी ११ जण वारलेले निघाले. यादी येत्या रविवारी दाराशी लागेल.